चिनी वनौषधी आणि प्रतिकारशक्तीचा तोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करोनानंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द घरोघरी पोचला आणि त्याच्या मागोमाग गोजी बेरी, रेशी, ॲस्ट्रागॅलस, कॉर्डिसेप्स अशी नावंही आली. कधी व्हॉट्सॲपवरून, कधी ऑनलाइन दुकानातून, तर कधी सिंगापूरहून सुट्टीवर आलेल्या भाच्याच्या बॅगेतून. मी वनौषधी शिकवते, त्यामुळे ओळखीचे लोक पाकिटांचे फोटो पाठवून विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे वाचून कुणी स्वतःवर उपचार सुरू करू नयेत, एवढी विनंती सुरुवातीलाच करते.

चिनी औषधांनी प्रतिकारशक्ती वाढते का?

प्रतिकारशक्ती वाढणं नेहमी चांगलंच, हे आधी डोक्यातून काढूया. धुळीच्या कणाला शत्रू समजून शिंकांवर शिंका येतात, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, नको तिथे धावलेली असते. आमवात, ल्युपस, सोरायसिस, थायरॉइडचा हाशिमोटो आजार या सगळ्यांत शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच माणसांवर काठी उगारते. अशा रुग्णाला ‘बूस्टर’ देण्यात काय अर्थ आहे? उलट वारंवार न्यूमोनिया होणारे आजोबा किंवा केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटलेली बाई यांची गरज वेगळी असते.

जुन्या चिनी वैद्यकात ‘बूस्टर’ ही कल्पनाच नाही. तिथे माणूस पाहून औषध ठरतं. कुणाचं बळ भरून काढायचं, कुणाची आग शमवायची, कुणाला काहीच न देता झोप आणि जेवण सुधारायला सांगायचं. बाजारात मात्र त्यातलं एकच मूळ उचलून ‘सर्वांसाठी रोज दोन कॅप्सूल’ म्हणून विकलं जातं. माझी तक्रार मुळाबद्दल नाही, या विक्रीबद्दल आहे.

मग तिथले वैद्य ‘तोल’ कशाला म्हणतात?

त्यांच्या जुन्या ग्रंथांत दोन शब्द सतत येतात. ‘जंग ची’ म्हणजे शरीराचं स्वतःचं बळ आणि ‘श्ये ची’ म्हणजे बाहेरून येणारी बाधा. बळ आत शाबूत असेल तर बाधा शिरकाव करू शकत नाही, असं सूत्र ‘हुआंगदी नेईजिंग’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथपरंपरेतून आलेलं आहे. या बळाचा जो भाग त्वचेखाली आणि स्नायूंत पहारा देतो, त्याला ‘वेई ची’ म्हणतात. घामाची रंध्रं उघडणं-मिटणं त्याच्या ताब्यात असतं, असं मानतात. म्हणून ‘वारंवार सर्दी होते’ असं सांगणाऱ्याला चिनी वैद्य हमखास विचारतो: काही कष्ट न करता घाम येतो का? वारा लागला की शहारे येतात का? जेवण पचतं का? शौचाला कसं होतं?

वेई ची म्हणजेच पांढऱ्या पेशी, असं सांगणारे लेख तुम्ही वाचले असतील. तसं नाही. ही शरीराकडे पाहण्याची एक जुनी चौकट आहे आणि रोगप्रतिकारशास्त्र ही दुसरी. एकातला शब्द दुसऱ्यातल्या पेशीवर चिकटवला की दोन्हींची ओढाताण होते.

हे आपल्या आयुर्वेदासारखंच झालं की!

साम्य आहे. व्याधिक्षमत्व आणि ओज या कल्पना वाचलेल्या माणसाला वरचं उत्तर परकं वाटणार नाही. कितीतरी द्रव्यंही दोन्हीकडे आहेत: ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी, हळद, नागरमोथा. हिरडा तर आपल्याकडून तिकडे गेला. पण नाडी, प्रकृती, रस यांचे हिशेब दोन्हीकडे वेगळे मांडतात. वैद्यांनी दिलेला गुळवेलीचा काढा चालू असताना वरून चिनी कॅप्सूल घेणं म्हणजे दोन वैद्यांचं औषध एकमेकांना न सांगता घेणं. ते टाळा.

ॲस्ट्रागॅलस म्हणजे नेमकं काय?

चिनी नाव हुआंग ची. हरभरा-वाटाण्याच्या कुळातलं रोप आणि त्याचं लांब, खोल जाणारं मूळ. गान्सू, इनर मंगोलिया, शान्शी या उत्तरेकडच्या कोरड्या, थंड प्रांतांत ते पिकवतात. दुकानात मिळतात ते तिरप्या कापाचे, बोटभर लांबीचे चपटे काप: कडेला फिकट, मध्ये पिवळसर आणि मधून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा. चांगला काप वाकवला तर तंतू ओढले जातात, चटकन तुटत नाही. चघळून पाहिला तर गोडसर लागतो आणि मागे कच्च्या वाटाण्याची चव रेंगाळते. कापाला नुसता भुसा सुटत असेल किंवा चवच नसेल तर माल जुना समजावा.

चिनी फार्माकोपियात, म्हणजे तिथल्या अधिकृत औषधसंहितेत, त्याची दिवसाची मात्रा ९ ते ३० ग्रॅम दिली आहे, म्हणजे काढ्यासाठी चांगली मूठभर. ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलकडे पाहताना हा आकडा लक्षात असू द्या. कॅप्सूलमध्ये अर्क असेल तर हिशेब बदलतो, पण नुसतं दळलेलं मूळ भरलं असेल तर त्या एका कॅप्सूलमध्ये परंपरेतल्या मात्रेचा विसावा भागही नसतो.

हे मूळ एकटं क्वचित देतात. सर्वांत प्रसिद्ध मेळ म्हणजे ‘यू पिंग फंग सान’, अर्थात वाऱ्याला अडवणाऱ्या जेड दगडाच्या पडद्याचं चूर्ण. त्यात तीनच द्रव्यं: हुआंग ची, बाय जू आणि फांग फंग. हुआंग ची बळ देतं, बाय जू पचन सावरतं. फांग फंग हे गाजराच्या कुळातलं मूळ, ते साठलेलं बाहेर काढतं. आजच्या फार्माकोपियातल्या दाणेदार औषधात यांचं प्रमाण ३:१:१ आहे. मला या योगात, म्हणजे औषधांच्या मेळात, आवडते ती त्याची रचना. दोन द्रव्यं आत भर घालतात आणि तिसरं वाट मोकळी ठेवतं, म्हणजे नुसती भर पडून कोंडी होत नाही. तोल हा शब्द खऱ्या अर्थाने वापरायचा तर इथे वापरावा.

सर्दी-ताप आल्या आल्या हुआंग ची सुरू करू का?

नको. हे मी सांगत नाही, चिनी वैद्यच सांगतात. अंगात ताप भरलेला असताना, घसा लाल असताना बळ देणारं, रंध्रं मिटवणारं औषध दिलं तर ते चोर घरात असताना दाराला कडी घालण्यासारखं होतं, असं त्यांचं जुनं म्हणणं आहे. हा योग दोन आजारांच्या मधल्या काळात, माणूस बरा असताना देतात. आजार चालू असताना वेगळी औषधं असतात. आणि ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटलं, तर कुठल्याच काढ्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं.

पुरावा काय आहे? नुसती परंपरा पुरे का?

पुरी नाही. परंपरा कुठे शोधायचं ते सांगते, सापडलं की नाही ते तपासावं लागतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण चीनमधलंच आहे. १९६७ साली मलेरियाविरुद्ध ‘प्रकल्प ५२३’ सुरू झाला. चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी जुन्या औषधांच्या नोंदी चाळल्या. चौथ्या शतकातल्या गं होंग यांच्या ग्रंथात छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यायला सांगितलं होतं. उकळायला सांगितलं नव्हतं. त्यावरून त्यांनी कमी उष्णतेत अर्क काढला आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध हाती आलं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. पण मधल्या काळात प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि शेवटी रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्या वगळल्या असत्या तर ते औषध जगाने घेतलंच नसतं.

प्रतिकारशक्तीच्या औषधांचं चित्र इतकं स्वच्छ नाही. हुआंग चीतल्या पॉलिसॅकराइडमुळे आणि ॲस्ट्रागॅलोसाइड या घटकामुळे काचपात्रात आणि उंदरांत संरक्षक पेशी जाग्या होतात, हे बऱ्याच प्रयोगांत दिसतं. माणसांवरच्या चिनी चाचण्याही खूप आहेत, पण त्यातल्या अनेक लहान आहेत आणि रुग्ण कोणत्या गटात हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत असायचं. वारंवार श्वसनसंसर्ग होणाऱ्या मुलांना हुआंग ची तोंडाने दिल्याने फायदा होतो का, याचा आढावा वैद्यकीय चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये घेतला. निकष पुरे करणारी एकही चाचणी त्यांना मिळाली नाही.

उंदरांवरून माणसांवर उडी मारली की काय होतं, हेही सांगते. न्यूयॉर्कमध्ये माउंट सायनायच्या संशोधकांनी ‘वू मेई वान’ या जुन्या योगावरून शेंगदाण्यासारख्या अन्नाच्या ॲलर्जीसाठी एक मिश्रण बनवलं. उंदरांत त्याने शेंगदाण्याची जीवघेणी प्रतिक्रिया पूर्ण थांबवली. सगळ्यांना आशा वाटली. मग ६८ रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. औषध सुरक्षित होतं, पण ॲलर्जी सहन करण्याच्या क्षमतेत खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा फरक दिसला नाही. रोज ३० गोळ्या घ्यायच्या होत्या आणि अनेकांना त्या नेमाने घेणं जमलं नाही. निकाल निराश करणारा होता तरी त्यांनी तो जसाच्या तसा छापला. अशा लोकांवर माझा विश्वास बसतो.

त्याच गटाचं दुसरं मिश्रण दम्यासाठी होतं: लिंगझी, खू शन आणि ज्येष्ठमध. २००५ मधल्या चाचणीत मध्यम ते तीव्र दम्याच्या ९१ रुग्णांना एक तर ते किंवा प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड चार आठवडे दिलं. फुप्फुसांची क्षमता दोन्ही गटांत सुधारली, स्टेरॉइडमध्ये किंचित जास्त. वनौषधीच्या गटात शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मात्र दबलं नाही. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, पण तेवढ्यावर कुणी इनहेलर सोडायचा नाही.

लिंगझी म्हणजे रेशी ना? त्याची कॉफी विकतात ती घ्यावी का?

हो, जपानी नाव रेशी, शास्त्रीय नाव गॅनोडर्मा. खोडावर उगवणारी, लाकडासारखी टणक, वरून लाखेचा तांबडा मुलामा दिल्यासारखी चमकणारी अळंबी. कोकणात फणसाच्या खोडावरचा फणसांबा सहाणेवर उगाळून देतात. तो याच धाटणीचा, पण जात वेगळी. लिंगझी अतिशय कडू असते. ती खाता येत नाही, तासन्‌तास उकळावी लागते.

कर्करोगाच्या रुग्णांत लिंगझीचा उपयोग कॉक्रनने तपासला आहे. मूळ उपचार म्हणून तिचा आधार घेण्याइतका पुरावा नाही, मुख्य उपचाराला जोड म्हणून काही रुग्णांत उपयोग होऊ शकेल, असा त्यांचा सावध निष्कर्ष आहे. कॉफीच्या पाकिटात लिंगझी किती आहे, टोपीची आहे की नुसतं पिठावर वाढवलेल्या तंतूंची, हे बहुधा लिहिलेलं नसतं. साखळी विक्रीतून ‘मधुमेह गेला, कॅन्सर गेला’ असं सांगत कुणी घरी आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

जिनसेंग कोणतं घ्यावं?

तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली फिरतात. कोरियाचं आणि ईशान्य चीनमधल्या जिलिनचं जिनसेंग ‘उष्ण’ समजलं जातं, थकलेल्या, गारठलेल्या माणसासाठी. अमेरिकी जिनसेंग ‘थंड’ धरतात. आणि दांग शन हे वेगळ्याच कुळातलं, स्वस्त मूळ रोजच्या काढ्यांत जिनसेंगच्या जागी वापरतात. कॅनडातल्या एडमंटनमध्ये ३२३ जणांना चार महिने अमेरिकी जिनसेंगचा अर्क किंवा खोटी गोळी दिली, तेव्हा अर्क घेणाऱ्यांना सर्दी काहीशी कमी वेळा झाली. ही २००५ ची चाचणी. तिचा दाखला देऊन कोरियन जिनसेंग विकणं योग्य नाही.

रक्तदाब वाढलेला असेल, झोप उडालेली असेल, तोंड सतत येत असेल तर उष्ण जिनसेंगच्या वाटेला जाऊ नका.

गोजी बेरी आणि ते चिकन सूप?

सगळ्यात निरुपद्रवी भाग हाच. गोजी म्हणजे गौ ची, निंगशियातली नावाजलेली. दक्षिण चीनमध्ये ग्वांगदोंगच्या घरांत मंद आचेवर तासन्‌तास सूप ठेवतात: कोंबडी, हुआंग चीचे चार-पाच काप, दांग शन, लाल चिनी बोरं आणि शेवटच्या दहा मिनिटांत मूठभर गोजी. काप चावायचे नसतात, वाटीत आले की बाजूला काढून ठेवायचे. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला, थंडीत सगळ्यांनाच देतात. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर देतात त्याच मायेने.

इथे औषध आणि अन्न यांची सीमा पुसट होते आणि मला वाटतं की या परंपरेचा खरा जीव इथेच आहे. गरम, पचायला हलकं, प्रथिनं असलेलं, घरच्या माणसाने पुढ्यात ठेवलेलं अन्न. फक्त वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी गोजी टाळावी. दोन्ही एकत्र घेतल्यावर रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत.

कॉर्डिसेप्स?

हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर पतंगाच्या अळीवर वाढणारी बुरशी. आपल्याकडे उत्तराखंडात पिथोरागढ, चमोलीकडे तिला कीडाजडी म्हणतात. अतिरेकी तोडीमुळे २०२० मध्ये ती असुरक्षित जातींच्या यादीत गेली. बाजारातलं बहुतेक कॉर्डिसेप्स ही प्रयोगशाळेत वाढवलेली दुसरी, नारिंगी जात असते. प्रतिकारशक्तीसाठी तिच्यावर पैसे घालवा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

मला आमवात आहे. ‘बॅलन्स’ करणारं चिनी औषध घेऊ का?

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हुआंग ची, जिनसेंग यांसारखी बळ देणारी द्रव्यं स्वयंप्रतिकार आजारात, तज्ज्ञ जवळ नसताना घेऊ नयेत. चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाच्या विरुद्ध दिशेला ती ओढू शकतात.

याच परंपरेत उलट टोकाचं औषधही आहे. त्याचं नाव लेई गोंग थंग, दक्षिण चीनमध्ये वाढणारा एक वेल. त्याच्या मुळाचा अर्क प्रतिकारशक्ती जोरात दाबतो. अमेरिकेत १२१ आमवाताच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत त्याने सल्फासलाझिन या आमवातावरच्या औषधापेक्षा जास्त जणांना आराम दिला. मात्र दोन्ही गटांतले बरेच रुग्ण चाचणी अर्ध्यात सोडून गेले, म्हणून आकडे जपून वाचावे लागतात. आणि हा वेल विषारी आहे. यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी यांना इजा होते, बायकांची पाळी बंद पडते, पुरुषांचे शुक्राणू इतके घटतात की एके काळी पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी त्याचा अभ्यास झाला होता. चीनमध्येसुद्धा लहान मुलांना आणि मूल हवं असलेल्यांना तो देण्यास मनाई आहे.

‘चिनी औषधं प्रतिकारशक्ती वाढवतात’ हे वाक्य का चुकीचं, ते या वेलाकडे पाहिलं की कळतं. त्याच दुकानात, शेजारच्या खणात वाढवणारंही आहे आणि दाबणारंही. तुम्हाला कोणतं लागू, हे पाकिटावरून ठरत नाही. तुमचे संधिवाततज्ज्ञ आणि प्रशिक्षित चिनी वैद्य एकमेकांशी बोलायला तयार असतील तरच या वाटेला जावं.

झाडपाल्याने अपाय कसा होईल?

होतो. १९९० च्या दशकात ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये तरुण बायकांची मूत्रपिंडं एकामागून एक निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये डॉक्टरांनी कारण शोधलं. गोळ्यांत फांग जी नावाचं मूळ हवं होतं, आलं होतं ग्वांग फांग जी. नावं सारखी, वनस्पती अगदी वेगळ्या. दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभराहून जास्त बायका बाधित झाल्या, कित्येकींना डायलिसिसवर जावं लागलं आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या बायकांनी विश्वासाने गोळ्या घेतल्या होत्या, याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडची सापसन, म्हणजेच ईश्वरी, याच कुळातली, म्हणून घरच्या घरी तिचे प्रयोग करू नयेत.

आता घरचं उदाहरण. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते आणि यकृताची इजा स्वयंप्रतिकार आजारासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शक्यता मांडली. नंतर देशातल्या इतर रुग्णालयांनीही असे रुग्ण नोंदवले. वाद काही असो, ज्याच्या शरीरात स्वयंप्रतिकार आजार दबून बसलेला आहे त्याला ‘इम्युनिटी’चं औषध धोक्याचं ठरू शकतं, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

तिसरी गोष्ट भेसळीची. लंडनमध्ये एक्झिमासाठी विकली जाणारी ११ ‘चिनी वनौषधी’ मलमं तपासली, त्यातल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं. १९९९ ची ही गोष्ट. ‘दोन दिवसांत फरक’ पडणाऱ्या पुडीबद्दल, मग ती कुठल्याही पॅथीची असो, आधी शंका घ्यावी.

माझी इतर औषधं चालू आहेत. काय टाळू?

किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण झालं असेल तर यातलं काहीच घेऊ नका. वू वेई जी या फळाने टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची रक्तातली पातळी वाढते, इतकी की चीनमध्ये काही डॉक्टर ते महागडं औषध कमी लागावं म्हणून मुद्दाम जोडीला देतात. नकळत घेतलं तर काय होईल, विचार करा. वॉर्फरिनबरोबर गोजी नको, दांग ग्वेई आणि दान शन ही चिनी मुळंही नकोत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना जिनसेंग किंवा हुआंग ची घेतली तर साखर जास्त उतरू शकते. ज्येष्ठमध तर चिनी योगांत पदोपदी असतं. जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी पाकिटावर ते आधी शोधावं. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे सगळं बंद करावं आणि भूलतज्ज्ञांना सांगावं.

एक जपानी धडा सांगते. ‘श्याओ छाय हू थांग’ हा सात द्रव्यांचा योग चिनी वैद्यकात सौम्य, मेळ घालणारा म्हणून ओळखला जातो. जपानमध्ये तो यकृताच्या रुग्णांना सर्रास देत. १९९० च्या दशकात इंटरफेरॉन या यकृताच्या संसर्गावरच्या औषधाबरोबर तो घेणाऱ्या काहींना फुप्फुसाचा गंभीर दाह झाला, मृत्यूही झाले, आणि सरकारला दोन्ही एकत्र देण्यावर बंदी घालावी लागली. सौम्य योगसुद्धा सौम्य राहील की नाही, हे सोबत काय चालू आहे यावर ठरतं.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नको.

मुलाला सतत सर्दी होते. थोडंसं दिलं तर?

नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे आजारपण नव्हे. वजन वाढत नसेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, जखमा चिघळत असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलांसाठी हुआंग चीचा पुरावा किती आहे, ते वर आलंच आहे.

हे घेतलं तर फ्लूची लस टाळता येईल का?

नाही. कुठलंच मूळ एखाद्या विशिष्ट विषाणूची ओळख शरीराला करून देत नाही, ते काम लसच करते. देवीच्या फोडांच्या खपल्यांची पूड नाकात फुंकून मुलांना देवीपासून वाचवण्याची पद्धत चीनमध्ये सोळाव्या शतकात लिहून ठेवलेली आहे, जेनरच्या १७९६ च्या लसीआधी दोनशेहून जास्त वर्षं. चिनी वैद्यकाचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. तिचं नाव घेऊन लसीला विरोध करणं विसंगत आहे.

करोनात चीनमध्ये दिलेल्या कॅप्सूल भारतात मागवल्या तर?

मागवू नका. त्या आजार चालू असताना देण्याच्या होत्या, प्रतिबंधासाठी रोज घेण्याच्या नव्हेत. त्यातल्या काहींत मा हुआंग म्हणजे एफेड्रा असतं. त्याने छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. एफेड्रा असलेल्या आहारपूरक गोळ्यांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली.

काढा कसा करतात?

चिनी दुकानात वैद्याची चिठ्ठी पाहून माणूस खणाखणांतून मुळ्या काढतो, छोट्या तराजूवर तोलतो आणि एकेका दिवसाची पुडी बांधतो. घरी ती मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात अर्धा तास गार पाण्यात भिजवायची. लोखंड आणि ॲल्युमिनियम नको. मग उकळी आणून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवायची, गाळायची, त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा करायचा. दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ कोमट प्यायचा. आता बहुतेक जण वेळेअभावी दाणेदार अर्क गरम पाण्यात विरघळवून घेतात. मापात चूक होत नाही, एवढा त्याचा फायदा आहे.

भारतात कुणाकडे जावं?

चिनी वनौषधी देण्याचा परवाना असलेला वर्ग भारतात नाही. आपल्या औषध कायद्यात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आहेत, चिनी वैद्यक नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, पण सुया टोचण्याची नोंदणी म्हणजे वनौषधी देण्याची पात्रता नव्हे. गोजी वगैरे इथे खाद्यपदार्थ म्हणून विकतात, तर त्या खाद्यपदार्थ म्हणूनच खाव्यात.

आम्ही सिंगापूरला किंवा मेलबर्नला राहतो, तिकडे चालेल का?

तिकडे परिस्थिती बरी आहे. सिंगापूरमध्ये २००० च्या कायद्यानुसार चिनी वैद्यांची नोंदणी होते, ऑस्ट्रेलियात २०१२ पासून देशपातळीवर. नोंदणी ऑनलाइन पडताळता येते. ऑस्ट्रेलियातल्या बाटलीवर ‘ऑस्ट एल’ (AUST L) हा सरकारी नोंदणीचा क्रमांक पाहा, तो गुणाची हमी देत नाही, पण आत काय आहे याची जबाबदारी कुणावर तरी असते. आई-बाबांसाठी मात्र परस्पर बाटल्या घेऊन येऊ नका. त्यांच्या गोळ्यांची यादी तुमच्याकडे पूर्ण असतेच असं नाही.

किती दिवस घ्यायचं आणि गुण आला हे कसं ओळखायचं?

नोंदणीकृत वैद्य साधारण दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतो आणि योग बदलतो. वर्षभर तेच औषध ही त्यांची पद्धत नाही. सुरू करण्याआधी यकृत, क्रिएटिनिन आणि साखर यांची तपासणी करा, महिन्याने पुन्हा करा. वहीत लिहा: सर्दी कधी झाली, किती दिवस टिकली, झोप कशी, जेवण कसं. मागच्या वर्षीच्या त्याच ऋतूशी ताडून पाहा, कारण पावसाळा संपला की सर्दी तशीही कमी होते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगावर पुरळ आलं, भूक मेली किंवा पायांवर सूज आली तर औषध त्याच दिवशी बंद करा आणि उरलेली पुडी किंवा बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा.